मोठा एमसीबी हा उपाय नव्हे

प्रश्न : आमचे दुमजली घर २२ वर्षांपूर्वी बांधलेले आहे. आता तळमजल्यावर मी माझे हिशेबाच्या कामाचे कार्यालय सुरू करणार आहे आणि वरच्या मजल्यावर आमचे कुटुंब राहील. कार्यालयात दहा संगणक, दोन एसी आणि एक मोठे झेरॉक्स यंत्र असेल. सध्या वरच्या मजल्यावर गीझर आणि एसी चालू असताना इस्त्री लावली, की पंधरा-वीस मिनिटांनी १६ ॲम्पियरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. आमचे नेहमीचे वायरमन म्हणतात की भिंतीतली वायर अडीच एमएमची, चांगली आहे; ३२ चा एमसीबी टाकला की त्रास संपेल. त्यांनी सगळ्या कामाचे एका पानाचे, पॉइंटप्रमाणे दर लावलेले अंदाजपत्रक दिले आहे. दुसऱ्या एका कंत्राटदाराने चार पानी अंदाजपत्रक दिले असून त्यात भाराचा तक्ता, थ्री फेज जोडणी, आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच), नवे अर्थिंग, चाचण्या आणि कपॅसिटर पॅनेल असे बरेच काही आहे. त्याची रक्कमही बरीच जास्त आहे. माझे सासरे म्हणतात की ही पाने फुगवलेली आहेत. अर्थिंग तर आहेच, कारण वायरमनने टेस्ट लॅम्प लावून दाखवला आणि तो लख्ख पेटला. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील बाकीच्या गोष्टींवर सवडीने विचार करता येईल, पण एका बाबतीत आजच निर्णय घ्यावा : १६ चा एमसीबी काढून ३२ चा बसवू देऊ नका. आपल्याला सतत त्रास देणारी ती वस्तू तिचे काम अगदी चोख करते आहे, आणि बिघाड शोधायचा तो तिच्यात नव्हे, तर एकाच सर्किटवर तीन मोठी उपकरणे टांगण्यात आहे.

हिशेब साधा आहे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ ॲम्पियर घेतो, घरगुती एसी साधारण ७.५ आणि १,००० वॅटची इस्त्री ४.३; म्हणजे तिन्ही मिळून २०.५ ॲम्पियर, १६ च्या सव्वापटीहून थोडे अधिक. आता एमसीबीच्या पोटात दोन वेगळ्या यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किट झाले तर चुंबकीय यंत्रणा डोळ्याची पापणी लवण्याच्या आत तो पाडते. पण भार नुसता थोडा वाढला तर दोन धातूंची जोडपट्टी हळूहळू तापते, वाकते आणि मग खटका सुटतो. घरगुती एमसीबीचे जे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्यानुसार त्याने आपल्या क्षमतेच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर पडता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडलेच पाहिजे. आपला १.२८ पटीचा भार नेमका या दोहोंच्या मध्ये येतो. म्हणून तो इस्त्री लावताक्षणी न पडता पंधरा-वीस मिनिटांनी पडतो, आणि गॅसवरचे दूध जसे आपली पाठ वळताच उतू जाते तसा तो अवेळी पडल्यासारखा वाटतो. हे लक्षण आपण पत्रात जितक्या नेमकेपणाने नोंदवले आहे तितके फार थोडे लोक नोंदवतात. त्यावरूनच निदान होऊ शकले.

एमसीबी हा गीझरच्या किंवा एसीच्या रक्षणासाठी असतो अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि खेदाची गोष्ट अशी की अनेक अनुभवी वायरमनही ती बाळगून असतात. तो असतो भिंतीतल्या वायरसाठी. आपण जिला अडीच एमएमची म्हणता ती वायर २.५ चौरस मिलिमीटर छेदाची असते (हे माप जाडीचे नसून क्षेत्रफळाचे आहे), आणि तांब्याची अशी वायर भिंतीतल्या पाइपातून नेल्यावर परिस्थितीप्रमाणे साधारण २० ते २४ ॲम्पियर सोसते. त्याच पाइपात आणखी चार सर्किटांच्या वायरी कोंबल्या असतील तर त्याहूनही कमी. तिच्यावरचे पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सियसपर्यंत सतत टिकण्यासाठी बनवलेले असते. तिथे ३२ चा एमसीबी बसवला, तर वर सांगितलेल्या प्रमाणाप्रमाणे तो ३६ ॲम्पियर प्रवाह तासभर मुकाट्याने जाऊ देईल. २४ सोसणाऱ्या वायरीतून ३६ म्हणजे दीडपट प्रवाह झाला, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती सव्वादोनपट होईल. एमसीबी पडायचा थांबेल, घरात सगळ्यांना हायसे वाटेल, आणि गिलाव्याच्या आत आवरण वर्षानुवर्षे भाजत राहील. पूर्वी फ्यूज वारंवार उडू लागला की त्यात वायरीचे दोन-तीन जाड पदर गुंडाळून देणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत असत; हा त्याच उपायाचा नव्या डब्यातला अवतार आहे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

खरा उपाय म्हणजे गीझरला डीबीपासून (सगळे एमसीबी असलेल्या वितरण पेटीपासून) स्वतंत्र सर्किट, एसीला स्वतंत्र सर्किट, आणि इस्त्रीसारख्या फिरत्या उपकरणांच्या सॉकेटांना तिसरे. यात भिंत थोडी फोडावी लागेल किंवा केसिंग-पट्टीतून बाहेरून वायर न्यावी लागेल. पट्टी दिसायला बरी दिसत नाही, हे मान्य. पण ती उघडून तपासता येते, हा तिचा मोठा गुण आहे.

आता कार्यालयाकडे वळू, कारण आपल्या दोन अंदाजपत्रकांतला खरा फरक तिथेच आहे. घर आणि कार्यालय यांतील भेद केवळ उपकरणांच्या संख्येचा नसतो. घरात जोडलेला भार ७-८ किलोवॅट असला तरी तो एका वेळी क्वचितच चालतो. गीझर सकाळी, इस्त्री सुटीच्या दिवशी, एसी रात्री. वायरींना मधूनमधून निवायला वेळ मिळतो. कार्यालयात मात्र सकाळी कुलूप उघडले की दिवे, संगणक आणि एसी सगळे एकदम सुरू होतात आणि आठ-नऊ तास तसेच चालतात, त्यामुळे घरात वर्षानुवर्षे खपून गेलेला एखादा सैल स्क्रू तिथे एका उन्हाळ्यात काळा पडतो. एका कार्यालयाचा डीबी मी उघडला होता, तेव्हा न्यूट्रलच्या पितळी पट्टीवरचा एक स्क्रू पेचकसाने जवळजवळ पाऊण फेरा सहज फिरला; त्याखालच्या वायरीचे आवरण चार बोटे लांबीपर्यंत तपकिरी होऊन कडक झाले होते आणि हात लावताच त्याचा तुकडा पडला. एकही एमसीबी तोवर पडला नव्हता, कारण प्रवाह मर्यादेतच होता; उष्णता निर्माण होत होती ती सैल जोडातल्या रोधामुळे, आणि असा दोष एमसीबीला दिसत नाही. व्यावसायिक इमारतींत वर्षातून एकदा सगळे जोड आवळून घेण्याची आणि पूर्ण भार चालू असताना उष्णतादर्शक कॅमेऱ्याने पॅनेल तपासण्याची पद्धत पडली आहे, ती याचसाठी.

थ्री फेजबद्दल कंत्राटदाराचे म्हणणे योग्य आहे. आपण कळवलेली यंत्रे आणि वरच्या मजल्यावरचा भार मिळून जोडलेला भार १५ किलोवॅटच्या आसपास जाईल असा माझा अंदाज आहे. तो सगळा सिंगल फेजवर घेतला तर ६५ ॲम्पियर होतात. थ्री फेजवर समान वाटला तर प्रत्येक फेजला सुमारे २२. मात्र ‘समान वाटला तर’ या शब्दांवरच सगळी मदार आहे. तीन वायरी घरात आल्या म्हणजे भार आपोआप वाटला जात नाही. दोन्ही एसी आणि गीझर एकाच फेजवर आले तर थ्री फेज घेऊनही दुखणे जागच्या जागी राहते. म्हणून कोणते सर्किट कोणत्या फेजवर जाईल याचा तक्ता आधी मागावा, आणि काम झाल्यावर कार्यालय पूर्ण चालू असताना भर दुपारी क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचा प्रवाह आपल्यासमोर मोजायला सांगावे. याला पाच मिनिटे लागतात.

थ्री फेजचे एक पथ्य आहे आणि ते न्यूट्रलचे आहे. तीन फेजना मिळून एक न्यूट्रल असतो. तो कुठे तुटला किंवा सुटला तर कमी भाराच्या फेजवरचा व्होल्टेज २३० वरून चढत थेट ४०० च्या दिशेने जातो, आणि संगणक, टीव्ही, दिवे अशा नाजूक वस्तू एका झटक्यात जळतात. लोक तेव्हा ‘वरूनच जास्त लाइट आली’ असे म्हणतात, पण पुष्कळदा दोष आपल्याच डीबीतल्या एका स्क्रूचा असतो. शिवाय संगणक आणि एलईडी दिवे यांच्या आतले इलेक्ट्रॉनिक पुरवठे प्रवाह सरळ लाटेत न घेता तुकड्या-तुकड्यांनी घेतात, आणि त्यातून जे मूळ वारंवारतेच्या तिपटीचे तरंग निर्माण होतात ते तिन्ही फेजचे एकमेकांना रद्द न करता न्यूट्रलमध्ये एकत्र साठतात. म्हणून फेजपेक्षा बारीक न्यूट्रल टाकण्याची जुनी काटकसर कार्यालयात मुळीच चालू देऊ नये. एका पानाच्या अंदाजपत्रकात मेन केबलच्या चारही वायरींचा छेद लिहिलेला नसेल तर तो लिहून घ्यावा.

अर्थिंगविषयी आपला जो विश्वास आहे तो मला थोडा डळमळीत करावा लागणार आहे. फेज आणि अर्थ यांमध्ये टेस्ट लॅम्प लख्ख पेटला, याचा अर्थ इतकाच की त्या पिनेला कुठून तरी परतीचा मार्ग आहे. तो मार्ग जमिनीत जातो, की सॉकेटच्या मागे कोणी अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ठेवली आहे, हे दिवा सांगू शकत नाही. दोन्ही वेळा तो सारखाच पेटतो. ही लबाडी जुन्या घरांत मी अनेकदा पाहिली आहे. सॉकेट उघडल्यावर हिरवी वायर भिंतीतून येण्याऐवजी बोटभर लांबीचा एक तुकडा न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत वळवलेला दिसतो. सगळे ठीक असते तोवर काहीच कळत नाही. ज्या दिवशी न्यूट्रल मागे कुठे सुटतो, त्या दिवशी गीझरचे, वॉशिंग मशीनचे आणि फ्रिजचे सगळे धातूचे अंग फेजच्या व्होल्टेजवर येते, आणि उपकरण बंद पडले म्हणून माणूस नेमका त्यालाच हात लावून पाहतो. मेन स्विच बंद करून आपल्या वायरमनला दोन-तीन सॉकेट उघडायला सांगा आणि स्वतः पाहा.

अर्थिंग खरे असले तरी ते पुरेसे आहे का, हा पुढचा प्रश्न. समजा जमिनीतून परत जाणाऱ्या त्या वाटेचा एकूण रोध ५ ओहम आहे. गीझरमध्ये फेज बॉडीला लागला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ ॲम्पियर वाहतील. ज्याला ३२ चा एमसीबी हवा आहे त्याला हे सांगावे की ४६ हे ३२ च्या १.४५ पटीला पोहोचतच नाहीत. तासाभरातही तो पडेलच अशी हमी नाही, आणि तोपर्यंत गीझर, त्याला जोडलेला धातूचा नळ आणि आंघोळीला गेलेला माणूस अशी साखळी तयार असते. १६ चा एमसीबी पडेल, पण तोही तत्क्षणी पडेल असे नाही. माणसाच्या बाबतीत हिशेब ॲम्पियरचा नसून मिलिॲम्पियरचा असतो : सुमारे १० मिलिॲम्पियरला हाताची पकड सुटेनाशी होते आणि ३० च्या पुढे काही क्षण टिकलेला प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. १६ ॲम्पियर म्हणजे १६,००० मिलिॲम्पियर. एमसीबी शॉकपासून वाचवेल ही अपेक्षा का व्यर्थ आहे, ते यावरून स्पष्ट व्हावे.

हे काम आरसीसीबीचे. जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखा आहे की नाही एवढेच तो पाहतो, आणि फरक ३० मिलिॲम्पियरपर्यंत पोहोचला की ०.३ सेकंदाच्या आत, मोठा फरक असेल तर ०.०४ सेकंदातच, पुरवठा तोडतो. त्याच्याही मर्यादा लक्षात ठेवाव्यात. तो जादा भारावर पडत नाही, म्हणून एमसीबी हवाच. आणि कोणी लाकडी स्टुलावर उभे राहून एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला तर जाणारा आणि येणारा प्रवाह सारखाच असल्यामुळे त्याला काही कळत नाही. त्याच्यावरचे ‘टी’ अक्षराचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते पाहावे, पण ते बटण अर्थिंगची परीक्षा करत नाही. अर्थिंग मुळीच नसतानाही ते चालते.

इथे एका अडचणीची पूर्वसूचना देतो, कारण जुन्या घरात ती हटकून येते. बावीस वर्षांपूर्वीच्या फिटिंगमध्ये बोर्डाबोर्डांत निरनिराळ्या सर्किटांचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतात. एका सर्किटचा प्रवाह दुसऱ्याच्या न्यूट्रलमधून परत गेला की आरसीसीबीला तो फरक म्हणजे गळतीच वाटते आणि तो बसवल्या दिवसापासून पडू लागतो. मग कोणीतरी ‘पीसच खराब आहे’ असे जाहीर करून तो काढून टाकतो किंवा बाजूने वायर टाकून त्याला निष्प्रभ करतो. तसे होऊ देऊ नये. न्यूट्रल वेगळे करून घेण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण ते अंदाजपत्रकात स्वतंत्र लिहून घ्यावे. तसेच अख्ख्या इमारतीला एकच आरसीसीबी न लावता घर आणि कार्यालय यांना वेगवेगळे लावावेत, नाही तर वरच्या गीझरमधल्या गळतीने खालचे दहा संगणक बंद पडतील.

जुनी वायर सगळी काढावी का, असे आपण विचारलेले नाही, पण पुढे हा प्रश्न येणारच. तांबे म्हातारे होत नाही. होते ते आवरण, आणि तेही मुख्यतः जोडांपाशी, जिथे ते वर्षानुवर्षे तापलेले असते. वयावरून निवाडा करण्यापेक्षा मेगर (आवरणाचा, म्हणजे इन्सुलेशनचा, रोध मोजणारे यंत्र) लावावा. उपकरणे आणि दिवे सोडवून ५०० व्होल्ट डीसीवर इन्सुलेशनचा रोध मोजला असता तो १ मेगओहमच्या खाली येता कामा नये. सुस्थितीतील वायरिंग याच्या कितीतरी पट दाखवते. दिव्या-पंख्यांची सर्किटे या चाचणीत उतरली आणि त्यांच्यासोबत अर्थची वायर असेल, तर ती राहू द्यायला माझी हरकत नाही. गीझर, एसी आणि स्वयंपाकघर यांची मात्र नवी घ्यावीत. कार्यालयाचे तर सगळेच नवे, आणि तेथील लांबच्या टोकाचाही विचार व्हावा : डीबीपासून २५ मीटरवर १६ ॲम्पियर नेताना २.५ च्या वायरीत सुमारे ६ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, ४ च्या वायरीत पावणेचार.

आता अंदाजपत्रके. पॉइंटप्रमाणे दर लावणे यात गैर काही नाही. मजुरी मोजण्याचे ते सोयीचे माप आहे. मात्र पॉइंट किती हे कळल्याने सर्किट किती, कोणत्या छेदाची वायर, कोणता एमसीबी आणि कोणते अर्थिंग हे कळत नाही, आणि आपण पैसे मोजणार आहात ते याच गोष्टींसाठी, ज्या गिलावा झाल्यावर पुन्हा दिसणार नाहीत. चार पानांतला भाराचा तक्ता, आरसीसीबी, अर्थिंग आणि चाचण्या यांना फुगवटा म्हणता येणार नाही. तरीही आपल्या सासऱ्यांची शंका सर्वस्वी चुकीची नाही. कपॅसिटर पॅनेल हे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारण्यासाठी असते. मोठ्या मोटारी चालवणाऱ्या कारखान्याला त्याची गरज असते, परंतु दहा संगणकांच्या कार्यालयाला ते आधीच घेण्याचे कारण मला दिसत नाही. बिलात पॉवर फॅक्टरपोटी काही आकारणी दिसू लागली तर तेव्हा विचार करावा. ती बाब वगळायला सांगा आणि कंत्राटदार तिचे समर्थन कसे करतो ते ऐका. त्याच्या उत्तरावरून माणूसही कळेल.

चार पानांत एक उणीव असण्याची शक्यता आहे, तीही पाहून घ्यावी. कार्यालयात बाहेरचे लोक येतात, आणि त्यांना मेन स्विच कुठे आहे हे ठाऊक नसते. वीज गेल्यावर दारापर्यंतची वाट दाखवणारे बॅटरीचे दिवे हवेत, मेन स्विचसमोर कपाट नको, आणि डीबीतल्या प्रत्येक एमसीबीवर तो कशाचा आहे याची चिठ्ठी हवी. यूपीएस बसवणार असाल तर त्याच्या सॉकेटांवर वेगळ्या रंगाची खूण करावी, कारण मेन बंद केल्यावरही त्यांच्यात वीज असते, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला ते कोणी सांगितलेले नसते. घर आणि व्यवसाय यांच्या वापराचे वर्गीकरण वीजपुरवठादार बहुधा वेगवेगळे करतात, त्यामुळे दोन मीटरांची चौकशी काम सुरू होण्यापूर्वी करावी. नंतर केबल हलवणे महागात पडते.

माझा सल्ला असा की चार पानी तपशिलातून कपॅसिटर पॅनेल वगळावे, वरच्या सूचना घालाव्यात, आणि तोच कागद दोघांनाही देऊन नव्याने दर मागावेत. आपले नेहमीचे वायरमन त्याप्रमाणे करायला, आणि शेवटी मेगरचे, अर्थिंगचे व आरसीसीबी पडण्याच्या वेळेचे आकडे सही करून द्यायला तयार असतील, तर घराची माहिती असलेला माणूस म्हणून त्यांना पसंती द्यायला हरकत नाही. आकडे द्यायला कोणी तयार नसेल, तर त्याचा दर कितीही कमी असो, त्याला काम देऊ नये. भिंती बुजवण्यापूर्वी पाइपांचे फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवा.

काम सुरू होईपर्यंत इस्त्री करायची असेल तेव्हा गीझर आधी बंद करावा. पाणी तापल्यावर तो बंद ठेवला तरी बराच वेळ गरम पाणी मिळते, आणि १६ चा एमसीबीही मग पडणार नाही.